एसटी थांब्यावर पाणपोई : रांजण किती, पाणी गार का राहत नाही?

राम राम मंडळी. आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) गावच्या थांब्यावर पाणपोई लावायचीय, निष्काम सेवा म्हणून. रोज 200 माणसं धरली तर रांजण किती?

उत्तर 1
भाऊ, मे महिन्यात खान्देशात पारा 45 ला टेकतो. माणशी अर्धा लिटर धरा. म्हणजे 100 लिटर, 40 लिटरचे तीन रांजण. नवा रांजण रात्रभर भरून ठेवा, ते पाणी ओतून द्या. खाली ओली वाळू, भोवती ओलं गोणपाट. सावली हवीच, पण वाराही हवा! पाझरलेलं पाणी उडतं म्हणून गारवा येतो. कोंदट कोपऱ्यात येत नाही.

उत्तर 2
रांजणावर दात्याचं नाव ऑइलपेंटने रंगवू नका. छिद्रं बुजतात, पाणी कोमटच राहतं. गीतेत (17.20) परतफेड न करणाऱ्याला, योग्य स्थळी-काळी दिलेलं ते सात्त्विक दान, पुढच्याच श्लोकात फळावर डोळा ठेवून दिलेलं ते राजस. नावाचा फलक कुठे बसतो, बघा बुवा.

उत्तर 3
खरी अडचण पंधरा दिवसांनी येते. उद्घाटनाला गर्दी, नंतर रांजण कोरडे. सात जणांत सात वार वाटा, सकाळी 7 च्या आत भरा. उरलेलं शिळं पाणी झाडांना. आतून साबण नको, मातीत मुरतो. नारळाच्या शेंडीने घासा. पेला बुडवू देऊ नका, लांब दांड्याचं ओगराळं साखळीने बांधा. सांडलेल्या पाण्याखाली एक घमेलं ठेवा, कुत्री-पाखरं पितात.