मदत हवी आहे: गणिताच्या सरावासाठी बैठे खेळ सुचवा

अबोली_८
मुलीचं गणित कच्चं राहिलंय. वही उघडली की रडारड. खेळातून सराव होतो असं ऐकून महिनाभर रोज सापशिडी आणि ल्यूडो खेळतोय, काडीचा फरक नाही. दुसरे खेळ सांगा, आणि जरा लवकर. मोबाईलवरचे नकोत.

दूरचा_काका
वय? इयत्ता? 'कच्चं' म्हणजे अंकओळख, बेरीज, वजाबाकी की पाढे?

खडूफळा
आधी तीसपर्यंत पाढे पाठ करून घ्या. खेळ नंतर. आमचं पाठांतरावरच भागलं.

मोरपंखी
बुद्धिबळ शिकवा! माझा मुलगा सहाव्या वर्षापासून खेळतोय, एकाग्रता खूप वाढली.

अबोली_८
मोरपंखी, एकाग्रतेचं नाही, गणिताचं विचारलंय. तिसरीत आहे. बेरीज येते, पाढे दहापर्यंत येतात. वजाबाकीत अडते.

वाचनवेडी
सापशिडीला नावं ठेवू नका. रमणी आणि सीगलर यांचा २००८ सालचा अभ्यास आहे. १ ते १० आकडे सरळ रेषेत मांडलेल्या पटावर मुलं १५-२० मिनिटांच्या चार बैठकांत खेळली, तेवढ्यानं त्यांची संख्यांची समज सुधारली आणि नऊ आठवड्यांनंतरही टिकली.

दूरचा_काका
ती मुलं बालवाडीच्या वयाची होती हो. ही तिसरीत आहे. शिवाय सापशिडीचा पट नागमोडी असतो, एक ओळ डावीकडून तर पुढची उजवीकडून. २३ च्या डोक्यावर ३३ येत नाही, ३८ येतो. दहा-दहाची घडण त्यात दिसतच नाही. प्रत्येक ओळ डावीकडून सुरू होणारा शंभराचा तक्ता वहीत आखा, तोच पट म्हणून वापरा.
अबोली_८, तिनं चुकवलेलं एखादं गणित जसंच्या तसं टाका ना.

वाचनवेडी
नागमोडीचं मान्य. पण मोजायचं कसं तेही सांगा. ४७ वर असताना ६ पडले तर मुलं 'एक, दोन, तीन' म्हणत सोंगटी सरकवतात. 'अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास' असं म्हणत सरकवायला हवी, नाहीतर पटावरचे आकडे नुसते शोभेला.

अबोली_८
आम्ही 'एक, दोन, तीन'च म्हणतो. कुणी सांगितलंच नव्हतं.
गणित: ५२ − २७ = ३५. हातचा दहा वेळा समजावून झाला.

दूरचा_काका
आता कळलं. तिला वजाबाकी येत नाही असं नाही. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतेय: ७ मधून २ गेले ५, ५ मधून २ गेले ३. हातचा तिच्यासाठी नुसती खूण आहे, वस्तू नाही. ती हातात द्या.
प्रत्येकी शंभर काड्या घ्या, दहा-दहाचे गठ्ठे रबरानं बांधा. प्रत्येकाकडे दहा गठ्ठे. दोन फासे टाकायचे, बेरीज येईल तेवढ्या काड्या मधल्या डब्यात टाकायच्या. सुट्ट्या पुरल्या नाहीत की एक गठ्ठा सोडायचा. ज्याच्या काड्या आधी संपतील तो जिंकला. पहिल्याच फाशाला गठ्ठा सोडावा लागतो, हीच यातली गंमत. रबर तिनंच काढायचं, तुम्ही हात लावायचा नाही.

खडूफळा
काड्यांची सवय लागली की सुटत नाही. परीक्षेत काड्या कुठून आणणार?

दूरचा_काका
म्हणून तर प्रत्येक खेळीनंतर उरलेल्या काड्या वहीत मांडायच्या. आठवड्यानं गठ्ठे झाकून ठेवा, आधी वहीत करू दे, मग उघडून पडताळा. नंतर पत्ते: एक्का ते नऊ ठेवा, चार पानं वाटा, दोन दोनअंकी संख्या करा, ज्याची वजाबाकी सर्वांत लहान तो जिंकला. २, ३, ५, ७ आले तर ३५ − २७ = ८, त्याहून कमी होत नाही. एका डावात पाच-सहा वजाबाक्या ती आपणहून करून बघेल.

फासेवाला
अवांतर: दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ७ सहा वेळा येतात, २ आणि १२ एकेकदाच. मुलांना याचा तक्ता करायला सांगा, फार रमतात.

मोरपंखी
बुद्धिबळातही सोंगट्यांची किंमत मोजावी लागते, म्हणजे गणित आलंच.

अबोली_८
काल रात्री काड्या खेळलो. पहिले तीन गठ्ठे सोडताना चिडचिड केली, मग रबर काढायची घाई तिलाच. वहीत मात्र जुनी सवय. ७१ काड्या होत्या, ८ पडले, वहीत ७७ लिहिले. मी काही बोलले नाही. ती स्वतःच काड्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आई, टाकून दिल्यावर वाढल्या कशा?" मग खोडून ६३ लिहिले.
काका, गठ्ठे झाकायला पूर्ण आठवडा थांबू का? आणि धाकटा पाच वर्षांचा आहे, तोही मधेमधे येतो. त्याला काय देऊ?

वाचनवेडी
त्याला १ ते १० चा सरळ पट! मगाशी तेच तर सांगत होते.