रॅबिट आयजीजी कंट्रोलच्या लेनमध्येही ५० च्या जवळ बँड येतोय

प्रश्न
एचसीटी ११६ या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींमधून पी५३ या प्रोटीनची आयपी (इम्युनोप्रेसिपिटेशन, म्हणजे अँटीबॉडीने प्रोटीन पकडून वेगळं काढणं) करतोय. लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) ५०० मायक्रोग्रॅम, अँटीबॉडी धरणारे प्रोटीन ए बीड्स. सशाची मोनोक्लोनल (एकाच प्रकारची) पी५३ अँटीबॉडी ५ मायक्रोलिटर (०.२ मिग्रॅ/मिली), शेजारी कंट्रोल म्हणून नॉर्मल रॅबिट आयजीजी (सशाच्या साध्या अँटीबॉडी), तेही ५ मायक्रोलिटर (१ मिग्रॅ/मिली). वेस्टर्न ब्लॉटही (पकडलेलं प्रोटीन ओळखायची चाचणी) त्याच अँटीबॉडीने. दोन्ही लेनमध्ये ५०-५५ किलोडाल्टनला जाड बँड, कंट्रोलमध्ये तर जास्तच. पी५३ बीड्सला उगाच चिकटतंय का?

उत्तर १
एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. तो बँड बहुतेक आयजीजीची हेवी चेन (अँटीबॉडीची मोठी साखळी; छोटी ती लाइट चेन) आहे. ती ५० च्या आसपास धावते, पी५३ही तिथेच. आयपी आणि वेस्टर्न दोन्हीला सशाचीच अँटीबॉडी, मग सेकंडरी (पहिल्या अँटीबॉडीला धरून ती दाखवणारी दुसरी अँटीबॉडी) त्या चेनला धरणारच.

कंट्रोलमध्ये जास्त का, तर हिशेब करा: तुमची अँटीबॉडी १ मायक्रोग्रॅम, कंट्रोल ५. जुळवायचे ते मायक्रोग्रॅम, मायक्रोलिटर नव्हे. कंट्रोल पीबीएसमध्ये ५ पट पातळ करा आणि मग ५ मायक्रोलिटर घाला.

वेस्टर्नला पी५३ ची उंदराची अँटीबॉडी डीओ-१ वापरा. अँटी-माउस सेकंडरी सशाच्या आयजीजीवर क्रॉस-अ‍ॅडसॉर्ब केलेली (सशाचं आयजीजी धरणारा भाग काढून टाकलेली) हवी, नाहीतर पुन्हा तेच. सशाचीच वापरायची असेल तर फक्त लाइट चेन ओळखणारी सेकंडरी घ्या. मग आयजीजीचा बँड २५ ला जातो, ५० मोकळं राहतं.

उत्तर २
वरच्याशी सहमत, पण कंट्रोलची निवडही चुकतेय. नॉर्मल आयजीजी म्हणजे सशांच्या सीरममधल्या असंख्य अँटीबॉडींची मिसळ. त्यातली एखादी पेशीतलं काहीही पकडू शकते. मोनोक्लोनलसमोर रॅबिट मोनोक्लोनल आयसोटाइप कंट्रोल (त्याच प्रकारची, पण पी५३ न ओळखणारी अँटीबॉडी) ठेवा. पॉलिक्लोनल असती तर नॉर्मल आयजीजी चाललं असतं, कच्चं अँटिसीरम असतं तर त्याच सशाचं प्री-इम्यून सीरम.

नुसत्या बीड्सची लेन याला पर्याय नाही, ती आयजीजीला काय चिकटतं ते दाखवत नाही. एचसीटी ११६ ची पी५३ नसलेली लाइन मिळते. तिच्या लायसेटवर तुमचीच अँटीबॉडी चालवली, तर आयसोटाइपपेक्षा पक्का पुरावा मिळेल.

उत्तर ३
डीओ-१ नेही कंट्रोलमध्ये फिकट पी५३ दिसलं, तरच धुण्याकडे वळा. अँटीबॉडी घालण्याआधी लायसेट ४ अंशांवर १४,००० जी ला १० मिनिटं फिरवा. प्रोटीनचे गोळे राहिले तर बीड्सबरोबर तेही खाली बसतात. मग बीड्सच्या ५० टक्के स्लरीचे २० मायक्रोलिटर घालून अर्धा तास प्रीक्लिअर (नुसत्या बीड्सना चिकटणारं आधीच काढून टाकणं). शेवटच्या वॉशला बीड्स नव्या ट्यूबमध्ये घ्या, कारण भिंतीला चिकटलेलं प्रोटीन लेमली बफरमध्ये (जेलवर घालण्याआधी मिसळतात ते) सुटून येतं. वॉशमधलं मीठ १५० वरून ३०० मिलिमोलरवर नेता येईल, पण पी५३ चे जोडीदार बघायचे असतील तर जपून. आणि इनपुटची (आयपी न केलेल्या लायसेटची) लेन सोडू नका, २ टक्के पुरे.