हेंकेल १११ : पी आणि एच दोन्ही एकाच वेळी का?

काउलिंग:
१९३९ मध्ये हेंकेल १११ या जर्मन बॉम्बर विमानाच्या पी आणि एच या दोन्ही आवृत्त्या बनत होत्या. सांगाडा तोच, काचेचं नाकही तेच. मग दोन कशाला? आणि मेसरश्मिट १०९ डी या लढाऊ विमानाला डीबी ६०० इंजिन होतं हे खरं का?

व्ही१२:
फरक इंजिनाचा. पी ला डाइमलर-बेंझचं डीबी ६०१, एच ला युंकर्सचं जुमो २११. डीबी ६०१ वर मेसरश्मिटच्या १०९ ई आणि ११० सी या लढाऊ विमानांचा पहिला हक्क होता, कारण ते उंचीवर सरस. बॉम्बरचं जुमोवर भागत होतं. आधीही हेच झालं होतं: १११ बी ला डीबी ६००, पण १९३८ च्या ई ला जुमो २११.

१०९ डी मध्ये डीबी ६०० नव्हतं. तिलाही जुमो २१० च बसवलं: १९.७ लिटर, ७०० च्या आसपास अश्वशक्ती. डीबी ६०१ ए ३३.९ लिटरचं, जवळपास ११०० अश्वशक्तीचं. सांगाडे बनवून ठेवू, इंजिन आलं की बसवू, असं इथे चालत नाही. जड इंजिनाने नाक खाली ओढलं जातं, म्हणून ई मध्ये रेडिएटर नाकाखालून पंखांखाली न्यावे लागले. प्रोपेलरही दोन पात्यांचा होता तो तीन पात्यांचा झाला.

तिसरा गिअर:
मूळ दुखणं पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमाननिर्मितीवर आणलेल्या बंदीत आहे. सांगाडा दोन वर्षांत उभा राहतो, नवं मोठं इंजिन भरवशाचं व्हायला त्याहून बराच वेळ लागतो. १९३५ मध्ये १०९ आणि युंकर्स ८७ (स्टुका बॉम्बर) यांचे पहिले नमुने चक्क ब्रिटिश रोल्स-रॉइसच्या केस्ट्रेल इंजिनावर उडाले, कारण जुमो २१० तयारच नव्हतं. एक हेंकेल ७० विमान देऊन बदल्यात चार केस्ट्रेल घेतली होती! पुढे जुमो २१० वरच्या ८७ ए ला ५०० किलोचा बॉम्ब न्यायचा तर मागचा गनर खाली ठेवावा लागे. तो सोबत असेल तर २५० किलोच.

काउलिंग:
आणि डॉर्नियर १७ बॉम्बर?

व्ही१२:
ते उदाहरण सगळ्यात बोलकं. १९३७ मध्ये झुरिकच्या विमान स्पर्धेत जे डॉर्नियर १७ लढाऊ विमानांपेक्षा वेगवान ठरलं, त्यात डीबी ६०० होती. उत्पादनात आलेल्या एम आवृत्तीला मिळाली हवेने थंड होणारी ब्रामो ३२३, पी ला बीएमडब्ल्यू १३२. झुरिकचा वेग हवाई दलाच्या या एम आणि पी विमानांना मिळाला नाही.