मदत हवी आहे: एक्सप्रेसवर जुनी सीजीआय स्क्रिप्ट चालत नाहीये (तातडीचे)

बुकमार्क
जाणकारांनी कृपया लवकर सांगा. आमच्या वाचनालयात पुस्तकं शोधायची पर्ल भाषेतली सीजीआय स्क्रिप्ट आहे (म्हणजे वेब सर्व्हर ती चालवतो आणि तिचं आउटपुट पान म्हणून दाखवतो), मामांनी २००३ साली लिहिलेली. जुना पीसी मागच्या आठवड्यात बसला. नव्या मशीनवर नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं) आणि त्यावरचं एक्सप्रेस हे वेब फ्रेमवर्क आहेच, म्हटलं त्यातूनच स्पॉन करू, म्हणजे वेगळी प्रोसेस म्हणून चालवू. चालत नाहीये. रविवारी वार्षिक सभा आहे, अध्यक्ष रोज विचारतायत.
इथली खिडकी सगळं देवनागरी करते, म्हणून कोड देत नाही.

स्वल्पविराम
चालत नाहीये म्हणजे नक्की काय होतं? एरर येते, कोरं पान येतं, की मशीनमधून धूर येतो?

टंकलेखक_नाना
एक्सप्रेसमध्ये सीजीआय मुळात नाहीच. अपाचे वेब सर्व्हर टाका, त्यातलं मॉड-सीजीआय चालू करा, चार ओळींचं काम. आम्ही वर्षानुवर्षं हेच केलं.

अर्धा_कप
पर्ल कोण वापरतं आता? फुकटात कोहा मिळतं, ते बसवा. वाचनालयांसाठीच आहे.

काळी_खिडकी
@अर्धा_कप, कोहासुद्धा पर्लमध्येच लिहिलेलं आहे. न्यूझीलंडमधल्या वाचनालयात २००० पासून.

अर्धा_कप
बरं मग राहू दे.

बुकमार्क
नवीन काही बसवायला वेळ नाही हो. एरर अशी: स्पॉन, मग फाईलचा पूर्ण पाथ, मग ईएनओईएनटी. म्हणजे फाईल सापडत नाही. पण फाईल तिथेच आहे! एलएस केलं की समोर दिसते. चालवायची परवानगीही दिलीय.

स्वल्पविराम
नवं मशीन उबुंटू असावं. जुना पीसी विंडोज होता का?

बुकमार्क
एक्सपी. पहिल्या ओळीतला (पर्ल कुठे आहे ते सांगणारा) सी ड्राइव्हचा पाथ काढून तिथे यूएसआर-बिन-पर्ल केलाय, तेवढं कळतं मला.

स्वल्पविराम
पाथ बदलला, पण ओळीच्या शेवटचं विंडोजचं कॅरेज रिटर्न तसंच राहिलं. लिनक्स 'पर्ल' शोधत नाहीये, 'पर्ल' आणि त्याला चिकटलेलं एक अदृश्य अक्षर, अशा नावाचा प्रोग्रॅम शोधतंय. तो नाही, म्हणून ईएनओईएनटी. तुमची फाईल हरवलेली नाही, तिला चालवणारा हरवलाय. डॉसटूयुनिक्स फिरवा फाईलवरून, ते ओळींचे शेवट लिनक्सचे करतं.

बुकमार्क
अरे देवा. दोन दिवस गेले यात. आता पान येतंय, पण सगळ्यात वर 'कंटेंट-टाईप टेक्स्ट एचटीएमएल' असं छापून येतंय. आणि शोध दाबला की चक्र फिरत राहतं, एररसुद्धा नाही.

काळी_खिडकी
सीजीआय.पीएम हे पर्लचं मॉड्यूल नसेल. पर्ल ५.२२ पासून ते मूळ संचातून काढून टाकलंय, वेगळं बसवावं लागतं.

बुकमार्क
मामांनी ते वापरलंच नाहीये, स्टॅण्डर्ड इनपुटवरून थेट वाचलंय. आणि ते नसतं तर एरर आली असती ना.

टंकलेखक_नाना
अपाचे असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

काळी_खिडकी
नाना, अपाचे काय, एक्सप्रेस काय, प्रत्येक रिक्वेस्टला नवी प्रोसेस. ही पद्धत १९९३ ची आहे. शिवाय २०१४ चं शेलशॉक, बॅश शेलमधलं सुरक्षेचं भगदाड, विसरलात? रिक्वेस्टचे हेडर्स एन्व्हायर्नमेंटमध्ये जातात आणि बॅश तेव्हा त्यातलं वाट्टेल ते चालवायचं.

टंकलेखक_नाना
स्क्रिप्ट पर्लची आहे, बॅश कुठून आलं मध्येच? आणि वाचनालयात दिवसाला किती जण शोधणार? तीस? चाळीस? तेवढ्या प्रोसेसने मशीनला घामही फुटत नाही.

काळी_खिडकी
तरी 'प्रॉक्सी' नावाचं हेडर पुढे पाठवू नका. २०१६ मध्ये त्यावरूनही गोंधळ झाला होता, ते एचटीटीपी_प्रॉक्सी बनून आत शिरतं.

स्वल्पविराम
भांडणं नंतर. @बुकमार्क, ॲपमध्ये वर कुठे एक्सप्रेस.यूआरएलएन्कोडेड लावलंय का?

बुकमार्क
हो, सभासद नोंदणीच्या फॉर्मसाठी. त्याने काय होतं?

स्वल्पविराम
फॉर्मचा मजकूर आधी तो पिऊन टाकतो. तुम्ही रिक्वेस्ट स्क्रिप्टच्या इनपुटला पाईप करता तेव्हा आत काही उरलेलंच नसतं, आणि 'संपलं' हा निरोपही येऊन गेलेला असतो. तिकडे मामांची स्क्रिप्ट कंटेंट-लेंग्थमध्ये सांगितलेले बाइट्स पुरे होईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचतच राहत असणार. सीजीआयचा राउट त्या ओळीच्या वर न्या. वर छापून येणाऱ्या त्या हेडरचं म्हणाल तर स्क्रिप्टच्या आउटपुटमध्ये पहिल्या रिकाम्या ओळीपर्यंत हेडर, पुढे पान. ते तुम्हालाच तोडायचंय. 'स्टेटस' अशी ओळ आली तर तो रिस्पॉन्सचा कोड.

बुकमार्क
शोध चालला!! आभार. पण आता पुस्तकांची नावं म्हणजे रोमन अक्षरांची खिचडी, मधेमधे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह. जुन्या पीसीवर स्वच्छ मराठी दिसायचं.

अर्धा_कप
यूटीएफ-८ करा.

स्वल्पविराम
नका करू! २००३ ची फाईल, मजकूर युनिकोडमध्ये नसणार. पानाच्या सोर्समध्ये फॉन्टचं नाव बघा. स्क्रिप्टचं आउटपुट टूस्ट्रिंग करून जोडताय ना? तिथे नोड ते यूटीएफ-८ समजतं, न कळणाऱ्या बाइटच्या जागी चौकट ठेवतं, आणि मूळ बाइट गेला तो गेलाच. बफरच, म्हणजे कच्चे बाइटच ठेवा, तोडायचं तेही बफरमध्येच. आणि कंटेंट-टाईप रेस.सेटने देऊ नका, ते मागे यूटीएफ-८ चिकटवतं. सेटहेडर वापरा.

बुकमार्क
चौकटी गेल्या. खिचडी आहे तशीच. सोर्समध्ये शिवाजी फॉन्ट लिहिलाय.

स्वल्पविराम
मग कोड बरोबर आहे, तो फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी दाखवतो. फॉन्ट बसवा, दिसेल. युनिकोडमध्ये बदलायचं सभेनंतर बघा, शिवाजीसाठीचाच कन्व्हर्टर लागेल, दुसऱ्या फॉन्टचा चालायचा नाही.

बुकमार्क
फॉन्ट जुन्या पीसीवरच राहिला. मी फक्त सीजीआय-बिनचा फोल्डर घेतला होता पेनड्राइव्हवर.

टंकलेखक_नाना
माझ्याकडे सीडी आहे, फॉन्टची. लग्नपत्रिका करायचो तेव्हाची. ड्राइव्ह शोधतो आणि रात्री व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

बुकमार्क
नाना __/\__

टंकलेखक_नाना
अपाचेचा विचार करा मात्र.