निकालाच्या आदल्या संध्याकाळी 'सॉर्ट' दाबलं : शाळेतल्यांच्या तांत्रिक फजित्या (अनुभव धागा)

शाळेत संगणक-सुरक्षेचं प्रशिक्षण होतं तेव्हा स्लाइडवर कुलपाचं चित्र असतं आणि खाली 'पासवर्ड कुणालाही सांगू नका'. आपण माना डोलावून बाहेर पडतो आणि मार्क भरायची घाई झाली की तोच पासवर्ड व्हरांड्यातून ओरडून सांगतो. म्हणून हा धागा. उपदेश नकोत. झालेली फजिती लिहा आणि त्यानंतर काय बदललंत तेही लिहा. शाळेचं, माणसांचं नाव नको.

सुरुवात माझ्यापासून. आठवीला प्रोजेक्टरवर पचनसंस्था शिकवत होते. लॅपटॉप माझाच, ब्राउझरमध्ये व्हॉट्सॲप उघडं राहिलेलं. जठराच्या चित्रावर उजव्या कोपऱ्यात एक चौकोन सरकत आला. सहकारी मॅडमचा निरोप होता, त्याच वर्गातल्या एका मुलाच्या आईबद्दल. दोनच ओळी. मी झडप घालून बंद केला, पण पहिल्या बाकाचं वाचून झालं होतं. तो मुलगा तिसऱ्या बाकावर. त्याने पाहिलं की नाही, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

आता शिकवण्यासाठी ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल आहे, त्यात व्हॉट्सॲप नाही, मेल नाही. शिवाय विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडते. मग भिंतीवर मी तिकडे सरकवलेली खिडकीच दिसते, माझा अख्खा पसारा नाही.

कार्यालयातून, लिपिक

मॅडम, तुमची एका वर्गापुरती तरी होती. माझी अख्ख्या इयत्तेची.

निकालपत्रकाची एक्सेल फाइल. 'अ' स्तंभात हजेरी क्रमांक, 'ब' मध्ये नाव, मग एक रिकामा स्तंभ आणि त्यापुढे विषयवार गुण. रिकामा का? तर दिसायला सुटसुटीत. निकालाच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी म्हणालं, नावं वर्णानुक्रमे लावा. नावावर क्लिक केलं, सॉर्ट दाबलं. झालं. नावं हलली, गुण जागच्या जागी! एक्सेलला रिकामा स्तंभ दिसला की तिथे तक्ता संपला असं ते समजतं. एकच स्तंभ निवडून सॉर्ट केलं तर शेजारच्या माहितीचं काय करायचं ते विचारतं तरी. इथे विचारलंही नाही.

मी सेव्ह करून घरी. सकाळी प्रिंट काढताना गणिताच्या सरांनी एका ओळीवर बोट ठेवलं, "याला अठ्ठ्याण्णव? हा तर त्या दिवशी गैरहजर होता." तो मुलगा गैरहजर नसता तर पत्रकं वाटली गेली असती. फाइल ऑनलाइन ठेवलेली होती, म्हणून 'व्हर्जन हिस्टरी'तून आदल्या दुपारची प्रत परत मिळाली. कार्यालयातल्या संगणकावर नुसती असती तर उत्तरपत्रिका पुन्हा काढून बसावं लागलं असतं.

आता सॉर्टच्या आधी फाइलची प्रत काढतो आणि नंतर कुठलीही तीन नावं मूळ गुणपत्रकाशी ताडून बघतो. तीन पुरतात, सरकलं असेल तर कळतंच.

वर्गशिक्षिका, सहावी

माझं पण एक्सेलच. पालकांचे फोन आणि मुलांच्या आजारांच्या नोंदी असलेले स्तंभ 'हाइड' केले आणि फाइल पालकांच्या ग्रुपवर टाकली. एका वडिलांनी 'अनहाइड' केलं आणि बाकीच्यांना कळायच्या आत मला फोन केला, भला माणूस. हाइड म्हणजे पडदा, कुलूप नव्हे. आता बाहेर जाणारी प्रत पीडीएफच, तीही नको ते स्तंभ काढून टाकून.

माध्यमिक, भाषा

पीडीएफवरही भरवसा ठेवू नका, ताई. आम्ही एका पत्रातलं मुलाचं नाव झाकायला वर्डमध्ये त्यावर काळी पट्टी काढली आणि पीडीएफ केलं. पट्टीखालचा मजकूर माउसने निवडला, नोटपॅडमध्ये पेस्ट केला की नाव हजर. झाकायचं तर ते शब्द आधी डिलीट करा, मग पीडीएफ करा.

प्राथमिक

रविवारी सकाळी अनोळखी नंबरवरून निरोप. डीपीला मुख्याध्यापकांचा फोटो, तोही शाळेच्याच कार्यक्रमातला. "मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका. एक तातडीचं काम कराल का?" मी लगेच "हो सर". नंतर आलं की पाहुण्यांना द्यायला ऑनलाइन गिफ्ट कार्ड घ्या आणि त्यांचे कोड पाठवा, पैसे उद्या देतो. मी कार्ड शोधायलाही लागले होते. मग जाणवलं, सर मला आयुष्यात कधी 'डिअर' म्हणालेले नाहीत.

त्यांच्या जुन्या नंबरवर फोन लावला. सर घरी कुंड्यांना पाणी घालत होते.

शिक्षकांच्या ग्रुपवर लिहिलं तर कळलं, आणखी दोघांना तसाच निरोप आलाय. त्यातल्या एकीने तर 'चुकून तुमच्याकडे आलेला' सहा आकडी कोड त्या भामट्याला सांगूनही टाकला होता. तो कोड तिचंच व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर चालू करायचा. तासाभरात तिच्या नावाने सगळ्यांना पैशांची मागणी सुरू. ती बिचारी दोन दिवस शाळेत कुणाच्या नजरेला नजर देईना. माझं मत विचाराल तर लाजेपायी गप्प बसणं सगळ्यात महागात पडतं. तिने कोड दिल्यादिल्या सांगितलं असतं तर पुढचे निरोप लोकांनी ओळखले असते. मी त्याच दिवशी व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा पिन टाकला. मग नुसता कोड हाती लागून भागत नाही.

निवृत्तीला आलेला एक

पासवर्डबद्दल माझी जुनी तक्रार. दर महिन्याला बदला, एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह. परिणाम काय? सगळ्यांचे पासवर्ड म्हणजे शाळेचं नाव, ॲटचं चिन्ह आणि महिन्याचा आकडा. जूनमधला माहीत असला की जुलैमधला मुलंही सांगतील. ज्यांनी २००३ मध्ये अमेरिकेच्या 'एनआयएसटी' या तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेसाठी असे नियम लिहिले, त्या बिल बर यांनीच २०१७ मध्ये त्याबद्दल खेद व्यक्त केला. त्याच वर्षी त्या संस्थेने ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायची सक्ती नको, असं सांगितलं. फुटल्याची शंका आली की मात्र लगेच बदलायचा. लांबी महत्त्वाची. माझा आता एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या चार शब्दांचा आहे. बायकोलाही पाठ झालाय, ती गोष्ट वेगळी.

क्रीडाशिक्षक

छोटंसं. सहलीच्या गूगल फॉर्मात 'रिझल्ट समरी' दाखवायचा पर्याय चालू राहिला. भरून झाल्यावर पालकांना इतर मुलांच्या ॲलर्जी दिसत होत्या. फॉर्म पाठवण्याआधी आता दुसऱ्या फोनवरून स्वतः भरून बघतो.

ग्रंथपाल

स्टाफरूमच्या संगणकात पेन ड्राइव्ह लावला आणि सगळे फोल्डर शॉर्टकट झाले, छोट्या बाणासकट. वर्षभराच्या नोंदी गेल्या म्हणून मी रडकुंडीला. नेहमीच्या सवयीने डबल-क्लिक केलं, तीच चूक. त्या शॉर्टकटमधूनच विषाणू चालू होतो. फाइली तिथेच असतात, नुसत्या लपवलेल्या. आमच्या संगणक-शिक्षिकेने पेन ड्राइव्ह स्कॅन केला, शॉर्टकट काढले, लपवलेल्या फाइली दिसायचा पर्याय चालू केला आणि सगळं बाहेर आलं. आता जागेवरून उठताना विंडोज आणि एल दाबते, म्हणजे माझ्या लॉगिनवर कुणी काही लावणार नाही. दोघीतिघींना राग येतो, "आमच्यावर विश्वास नाही का?" आहे ना, पण त्यांच्या पेन ड्राइव्हवर नाही.

पुन्हा लिपिक

वर सांगायचं राहिलं. तो रिकामा स्तंभ मी काढून टाकला होता. काल फाइल उघडली, तर कुणीतरी परत घातलाय. 'दिसायला बरं' म्हणे.