मदत हवी आहे: जुनी ऑपरेटिंग सिस्टिम मित्राला कॉपी करून देता येते का?

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा. २०१९ च्या महापुरात खालच्या मजल्यावरचं बरंच गेलं, पण माळ्यावर टाकलेला जुना ३८६ संगणक आणि फ्लॉप्यांचा डबा तेवढा वाचला. आता आम्ही चौघं (दोघे मिरजेचे, एक तासगावचा) असली मशीनं जिवंत करायच्या नादाला लागलोय. घरचे म्हणतात, भंगारात घाला.

मशीन चालू होतंय, अडलंय परवानगीपाशी. सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचं बरं आहे. २०२२ मध्ये तिचे हक्क असलेल्या डीआर-डॉस कंपनीने ती वापरायला, बदलायला आणि वाटायलाही लेखी मोकळीक दिली. एमएस-डॉस या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सिस्टिमच्या १.२५, २.० आणि ४.०० या आवृत्त्यांचा सोर्स कोड कंपनीने एमआयटी परवान्याखाली (वापरा, बदला, वाटा असा मोकळा परवाना) खुला केलाय. मला मात्र एमएस-डॉस ६.२२ आणि विंडोज ३.१ हवंय, आणि तिथंच गाडं रुततं. विक्री थांबली म्हणून कॉपीराइट संपत नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यातलं कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला बॅकअप घेऊ देतं, पण तो स्वतःपुरता. मिरजेच्या मित्राला फ्लॉपी करून देणं त्यात कसं बसणार?

तर विचारायचं असं: कुणी मायक्रोसॉफ्टला पत्र लिहून अशी परवानगी मिळवली आहे का? मजकूर काय होता? आणि मूळ फ्लॉप्या, मॅन्युअल, परवान्याचा कागद सगळंच दुसऱ्याला देऊन टाकलं, स्वतःकडे काही ठेवलं नाही, तर चालतं का? सांगली-साताऱ्यात कॉपीराइटचं काम बघणारे वकील माहीत असतील तर सांगा.

‘फ्रीडॉस (एमएस-डॉससारखीच मोफत सिस्टिम) टाक’ म्हणू नका, ते टाकलंय. माझा जीव ६.२२ मध्येच अडकलाय.