पोटाचा कॅन्सर, केमोबरोबर इम्युनो घ्यायची का? (कोल्हापूर)

कागलचा_भाचा
मामांना जठराचा कॅन्सर निघालाय, लिव्हरवर पण गेलाय म्हणून ऑपरेशन होणार नाही म्हटले. डॉक्टर म्हणतात केमोसोबत निवोलुमॅब (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं, म्हणजे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन) चालू करूया. खर्च ऐकून मामी गप्पच बसल्यात. जन आरोग्य योजनेत केमो बसतंय पण हे इंजेक्शन नाही असं काउंटरवर सांगितलं. त्यात एक पाव्हणे म्हणतात केमो कशाला, नुसती इम्युनोच द्या, केस पण जात नाहीत. कुणाच्या घरात झालंय का असं?

रंकाळा_वॉकर
भावा पाव्हण्यांना आधी चहा पाजून वाटेला लाव. एमएसआय (कॅन्सर पेशींची डीएनए दुरुस्ती बिघडलीय का ते सांगणारी टेस्ट) हाय असला तर गोष्ट वेगळी, पण बाकीच्यांना सुरुवातीला नुसत्या इम्युनोवर ठेवत नाहीत, केमो लागतंयच. आणि ऑक्सालिप्लॅटिन-कॅपसिटाबिनवर बहुतेकांचे केस विरळ होतात, टक्कल पडत नाही. रिपोर्टमध्ये पीडी-एल१ चा सीपीएस आकडा (गाठीत पीडी-एल१ हे प्रोटीन किती आहे त्याचा स्कोअर) किती आहे ते बघ, सगळं त्यावर आहे. चेकमेट ६४९ ट्रायलमध्ये सीपीएस ५ किंवा जास्त होता त्यांच्यातले निम्मे पेशंट नुसत्या केमोवर ११.१ महिन्यांच्या पुढं गेले, निवोलुमॅब जोडल्यावर तोच आकडा १४.४. सरासरीला फरक एवढाच, काहींना मात्र खूप जास्त फायदा होतो. सीपीएस १ च्या खाली असेल तर जमीन गहाण टाकून हे इंजेक्शन घ्यावं असं मला तरी वाटत नाही. हर२ (कॅन्सर पेशींवरचं एक प्रोटीन) पॉझिटिव्ह आला तर त्यावरचं औषध ट्रॅस्टुझुमॅब, तो रस्ताच वेगळा.

शाहूपुरी_७
टाटात २० मिलीग्रॅमचा कमी डोस देतात म्हणे, त्यात भागेल की

रंकाळा_वॉकर
तो अभ्यास तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरवरचा आहे हो. पोटाला तसाच लावता येत नाही. डॉक्टरांना विचारायला हरकत नाही, पण आपल्या मनानं डोस कमी करू नका.

कळंब्याची_ताई
माझ्या सासऱ्यांना दोन्ही एकत्र चालू होतं. ऑक्सालिप्लॅटिननंतर थंड पाणी, फ्रीजमधलं काही हातात सुद्धा देऊ नका, मुंग्या येतात, घसा आवळल्यासारखा होतोय. आणि जुलाब, धाप, डोळे पिवळे असं काही झालं तर केमोमुळं असेल म्हणून घरात बसू नका, इम्युनोमुळं आतड्याला, फुफ्फुसाला, लिव्हरला सूज येते, त्याला वेळेत स्टेरॉइड लागतंय. थायरॉइड पण अधनंमधनं तपासतात.

कागलचा_भाचा
ताई, दादा, थँक्यू. रिपोर्ट काढला, हर२ निगेटिव्ह आहे, एमएसआय पण नॉर्मल, सीपीएसचं नावच नाही. परत बायोप्सी करायला लागणार का?

रंकाळा_वॉकर
बहुतेक नाही. पहिल्या बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) लॅबमध्ये ठेवलेला असतोय, त्यावर टेस्ट होते. उद्या जाऊन तो माग, आणि तोवर केमो थांबवायचं का ते डॉक्टरांना विचार, बहुतेक थांबवत नाहीत.